कार्बन रात्रभर का लागतो?

‘सर, प्रोटॉन झालाय, पीक चांगले आलेत. कार्बन रात्रीला टाकलाय. उद्या दुपारी मिळेल.’

फोन स्पीकरवर होता. बोलत होती माझी एक जुनी विद्यार्थिनी, धारवाडहून. आणि समोर चहा घेत बसले होते तिचे वडील. खानापूर तालुक्यातले शेतकरी, बाजाराला बेळगावात आले की टिळकवाडीत माझ्या घरी डोकावतात. पोरगी त्यांना आप्पा म्हणते, म्हणून मीही आप्पाच म्हणतो. या सगळ्या बोलण्यातलं ‘पीक चांगलं आलंय’ एवढंच त्यांना कळलं, आणि तेही भलतंच, कारण तिचं ‘पीक’ म्हणजे आलेखातली उंच रेघ. कप खाली ठेवून म्हणाले, ‘ते प्रोटॉन राहू दे ओ सर. कार्बन रात्रभर काय करतंय तिथं? एवढा वेळ कशाला लागतोय?’

मी पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. एनएमआर म्हणजे मोठ्या चुंबकात नमुना ठेवून रेणूची रचना ओळखायची पद्धत; पोरीचा ‘प्रोटॉन’ आणि ‘कार्बन’ ही तिचीच दोन मोजमापं. तिचा स्पेक्ट्रम, म्हणजे रेघांचा आलेख, कसा वाचायचा हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवलं, कारण परीक्षेत तेवढंच विचारतात. वेळ कशाला लागतो हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. गंमत अशी की गेल्या साठ वर्षांत या शास्त्रात जी मोठी कामं झाली, त्यातली बरीचशी या एकाच प्रश्नाभोवती फिरतात. आप्पांना त्या दिवशी जे तुटकतुटक सांगितलं, ते इथे जरा नीट लिहितो.

पोरीचं काम एका रानझाडाच्या पाल्यावर आहे. झाडाचं नाव सांगत नाही, तिचा पेपर अजून छापून यायचाय. पण आपल्या घाटातलं नरक्याचं झाड उदाहरणाला घ्या. घाणेरड्या वासामुळे लोकांनी त्याला असलं नाव दिलं, पण त्यातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य मिळतं आणि त्यावरून कॅन्सरची औषधं बनली. हे द्रव्य आधी एका चिनी झाडात सापडलं. त्याची रचना १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी जाहीर केली. यातले वाणी आपल्या नंदुरबारचे. आपल्याकडच्या नरक्यात तेच द्रव्य आहे हे १९७२ साली कळलं, आणि मग सह्याद्रीतली ही झाडं पोत्यांनी तुटून गेली, तो विषय वेगळा.

झाडाचा पाला वाटून, गाळून, वेगवेगळा करत शेवटी हातात येते चार-पाच मिलिग्रॅम पांढरी पूड. नखावर मावेल एवढी. ही पूड काय आहे? तिच्या रेणूचं वजन दुसरं एक यंत्र सांगतं, त्यावरून किती कार्बन, किती हायड्रोजन हेही कळतं. पण तेवढ्याच विटांमधून दहा तऱ्हेची घरं बांधता येतात. कोणता अणू कोणाला चिकटलाय, हा खरा प्रश्न. चांगला स्फटिक जमला तर क्ष-किरणांनी तो सुटतो, पण झाडपाल्यातून आलेली पूड बहुतेक वेळा स्फटिक बनायला तयारच नसते. मग उरतो एनएमआर. मराठीत त्याला केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. हे नाव मी वर्षातून एकदा, पहिल्या तासाला उच्चारायचो.

हायड्रोजनच्या अणूच्या पोटात एक प्रोटॉन असतो. तो एक इवलंसं चुंबक असतो आणि भोवऱ्यासारखा वागतो. भोवरा कलला की पडण्याआधी डुलत गोल फिरतो, तसा हा मोठ्या चुंबकात ठेवला की डुलतो. किती वेगाने, हे चुंबकाच्या ताकदीवर ठरतं: एका टेस्लाला (टेस्ला हे त्या ताकदीचं माप) सेकंदाला ४ कोटी २६ लाख वेळा. विद्यापीठांमध्ये सर्रास दिसणाऱ्या यंत्राचं चुंबक ९.४ टेस्लाचं असतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दोन लाख पटींहून जास्त. त्यात प्रोटॉन सेकंदाला ४० कोटी वेळा डुलतो, म्हणून त्या यंत्राला ‘चारशे मेगाहर्ट्झ’ म्हणतात.

सगळे प्रोटॉन एकाच वेगाने डुलले असते तर हे यंत्र कुचकामी ठरलं असतं. पण तसं होत नाही. खानापूरकडच्या पावसात शेतात उभ्या असलेल्या चार माणसांचा विचार करा. पाऊस सगळ्यांवर सारखाच. एकाच्या अंगावर जाड घोंगडी, दुसऱ्याच्या डोक्यावर इरलं, तिसरा नुसता पोतं पांघरून, चौथा तसाच. अंगापर्यंत किती पाणी पोचलं हे पांघरुणावर ठरतं. प्रोटॉनभोवती इलेक्ट्रॉनांचं असंच पांघरूण असतं. शेजारी ऑक्सिजन असेल तर तो हे पांघरूण आपल्याकडे ओढतो आणि प्रोटॉनला चुंबकाचा मारा थोडा जास्त बसतो. फरक दहा लाखांत पाच-सात भागांचा, पण यंत्र तो ओळखतं. प्रत्येक प्रोटॉनची रेघ, म्हणजेच पीक, वेगळ्या जागी उभं राहतं आणि जागेवरून तो रेणूत कुठे बसलाय ते कळतं.

हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं १९५१ साली. अमेरिकेत स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या अल्कोहोलचा स्पेक्ट्रम घेतला तेव्हा एका रेघेऐवजी तीन रेघा आल्या, ३, २ आणि १ या प्रमाणात. रेणूत हायड्रोजनची वाटणी नेमकी तशीच आहे. यातल्या धर्मट्टींचं आडनाव ऐकून आपल्या भागातल्या माणसाचे कान टवकारतात. ते पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे एनएमआरचं काम त्यांनी उभं केलं.

आता वेळेकडे येतो. वेळ तीन जागी जातो, आणि तिन्ही जागा वेगळ्या आहेत.

पहिली जागा म्हणजे आवाजच, म्हणजे प्रोटॉनकडून यंत्राला मिळणारा संकेतच, बारीक असतो. चुंबकात प्रोटॉन दोनच बाजूंनी उभे राहू शकतात, चुंबकाच्या बाजूने किंवा उलट. आपल्याला वाटेल सगळे बाजूनेच उभे राहत असतील. पण खोलीच्या उबेने ते इतके हिंदकळत असतात की जवळजवळ निम्मे-निम्मे होतात. चारशे मेगाहर्ट्झच्या यंत्रात दहा लाख प्रोटॉन धरले तर बाजूने उभे ५,००,०१६ आणि उलटे ४,९९,९८४. आप्पांना म्हटलं, दहा लाख मतांची निवडणूक आणि बत्तीस मतांचं लीड. उलटसुलट उभे असलेले एकमेकांना पुसून टाकतात. यंत्राला ऐकू येतात ते फक्त हे बत्तीस. (आप्पा म्हणाले, ‘मग रिकाउंटिंग मागायला पाहिजे.’ खरं तर यंत्र तेच करतं.)

कार्बनचं तर आणखी वाईट. साधा कार्बन, ज्याचं वजन बारा, तो या यंत्राला दिसतच नाही. दिसतो तो तेरा वजनाचा, आणि तो शंभरात सव्वा एकही भरत नाही, १.१ टक्के. शिवाय त्याचं चुंबकत्व प्रोटॉनच्या पावपट. दोन्ही मिळून कार्बनचा आवाज प्रोटॉनच्या सुमारे सहा हजारांश भरतो. म्हणून प्रोटॉन पाच मिनिटांत ‘होतो’ आणि कार्बन रात्रीला ‘टाकावा’ लागतो.

बारीक आवाज ऐकायचा उपाय एकच: पुन्हा पुन्हा ऐकायचं आणि बेरीज करायची. खरा आवाज दर वेळी त्याच जागी येतो, खरखर इकडेतिकडे पसरते. पण या बेरजेचं गणित फार कंजूष आहे. आवाज खरखरीच्या दुप्पट वर काढायचा तर चौपट वेळा ऐकावं लागतं. दहापट हवा असेल तर शंभर पट. पाच मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅम पूड असेल तर तेवढाच स्वच्छ स्पेक्ट्रम मिळवायला चौपट रात्र घालवावी लागते. म्हणून पूड सांडली की पोरं रडकुंडीला येतात.

हेच गणित उलटंही चालतं. आवाज पकडणारी कॉइल उणे अडीचशे अंशांच्या आसपास थंड ठेवली तर तिची स्वतःची खरखर दबते आणि संवेदनशीलता तीन-चारपट वाढते. नमुना मात्र खोलीच्याच तापमानाला राहतो. तीन-चारपट म्हणजे वेळ नऊ ते सोळा पट कमी. या जोडणीला क्रायोप्रोब म्हणतात आणि ती महाग असते, एवढं सांगितलं की पुरे.

दुसरी जागा थांबण्याची. प्रोटॉनला रेडिओलहरीचा ठोका दिला की तो आडवा होतो आणि डुलत डुलत गातो. त्याचं गाणं ऐकून झालं की पुन्हा ठोका देण्याआधी तो मूळ जागी उभा राहायला हवा. याला सेकंद, दोन सेकंद, कधी जास्त लागतात. ज्या कार्बनला स्वतःचा हायड्रोजन नाही तो तर पंधरा-वीस सेकंद आळोखेपिळोखे देत बसतो. म्हणजे यंत्र रात्रभर चालू असतं त्यातला बराचसा वेळ ते काहीही करत नसतं. वाट बघत असतं. हे ऐकल्यावर आप्पा खुलले, सरकारी कचेरीचा अनुभव प्रत्येकाकडे असतोच.

तिसऱ्या जागेकडे जाण्याआधी १९६६ सालाची गोष्ट सांगायला हवी. त्याआधी यंत्रं कशी चालत? आमच्या लहानपणी बेळगावात मराठी कार्यक्रम ऐकायचा तर रेडिओवर सांगली लावावी लागे. काटा हळूहळू फिरवायचा. आधी खरखर, मग धारवाडचं कन्नड, पुन्हा खरखर, मग कुठेतरी सांगली. जोरात फिरवलं तर सांगली निसटून जाई. जुनी एनएमआर यंत्रं अशीच पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काटा फिरवत जात. बहुतेक वेळ खरखर ऐकण्यात जाई, कारण रेघा मोजक्याच आणि मधली पट्टी ओसाड.

कॅलिफोर्नियातल्या व्हेरियन कंपनीत काम करणारे स्विस रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड अर्न्स्ट आणि त्यांचे सहकारी वेस्टन अँडरसन यांनी काटा फिरवणंच सोडून दिलं. एकच छोटा, जोरदार ठोका द्यायचा. त्यात सगळ्या लहरी एकदम असतात, त्यामुळे सगळे प्रोटॉन एकदम गायला लागतात. तो सगळा गलका टिपून घ्यायचा आणि कोण कोणत्या सुरात गात होतं ते गणिताने वेगळं काढायचं. तानपुऱ्याच्या तारा सा आणि प ला लावलेल्या असतात, पण कसलेल्या कानाला त्यातून गंधारही ऐकू येतो. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा, तसले कान आपल्याला कुठून येणार? पण फूरिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने हे वेगळं काढायचं गणित केव्हाच लिहून ठेवलं होतं, आणि संगणक नुकते हाताशी येत होते. या युक्तीने संवेदनशीलता दहापट आणि काही वेळा शंभरपट वाढली.

अर्न्स्ट यांचा हा लेख एका मोठ्या नियतकालिकाने दोनदा परत पाठवला. शेवटी तो उपकरणांविषयीच्या दुसऱ्या नियतकालिकात छापून आला. त्यांना १९९१ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ती बातमी त्यांना अटलांटिकवरून उडणाऱ्या विमानात कळली. विद्यार्थ्याचा पेपर परत आला की मी ही गोष्ट सांगायचो. उपयोग व्हायचा असं नाही.

थांबण्याच्या वेळेवरही अर्न्स्ट यांचा एक उपाय आहे. प्रोटॉनला पूर्ण आडवा पाडायचाच कशाला? थोडासाच कलवा. गाणं जरा बारीक येईल, पण उठून उभं राहायला त्याला वेळ लागणार नाही आणि तेवढ्यात आणखी चार ठोके मारता येतील. किती कलवायचं याचं सूत्र आहे, त्या कोनाला अर्न्स्ट कोन म्हणतात, आणि दवाखान्यातली एमआरआय यंत्रंही ते सूत्र वापरतात.

याच थांबण्यावर बेंगळूरूतली एक जुनी गोष्ट फार सुंदर आहे. भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी १९५१ साली वाहत्या पाण्याचा एनएमआर घेतला. पाणी उभं असताना त्यातले प्रोटॉन थकून जातात आणि आवाज मंदावतो. पण नळीतून पाणी वाहतं ठेवलं तर थकलेलं पाणी पुढे जातं आणि ताजं पाणी कॉइलमध्ये येतं, आवाज टिकून राहतो. वाट बघायची गरजच नाही. आज एमआरआयमध्ये रक्ताचा प्रवाह बघतात त्यामागे हीच समज आहे.

आता तिसरी जागा, आणि सगळ्यात खादाड.

छोट्या रेणूच्या रेघा सुट्या सुट्या दिसतात. रेणू मोठा झाला की रेघा एकमेकांच्या अंगावर येतात, दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या बेळगावातल्या गणपत गल्लीच्या बाजारासारखं. शिवाय कोण कोणाचा शेजारी हे एका पट्टीवर नीट कळत नाही. १९७१ साली बेल्जियमच्या जाँ जीनर यांनी युगोस्लाव्हियातल्या एका उन्हाळी शिबिरात वेगळंच सुचवलं. एक ठोका द्या, थोडं थांबा, दुसरा ठोका द्या, मग ऐका. हे थांबणं दर वेळी किंचित वाढवत न्या. दोन प्रोटॉन एकमेकांशी जोडलेले असतील तर पहिल्याचा सूर दुसऱ्याच्या गाण्यात डोकावतो. सगळं मांडलं की सरळ पट्टीच्या जागी नकाशा तयार होतो, आणि नकाशातला प्रत्येक ठिपका सांगतो की हा आणि तो शेजारी आहेत. अर्न्स्ट यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. याच कुळातल्या एका प्रयोगात तर हात धरलेले नव्हे, नुसते जवळ उभे असलेले प्रोटॉनही कळतात, पाच अँगस्ट्रॉमच्या आत, म्हणजे मिलिमीटरच्या वीस लाखाव्या भागात. प्रथिनांसाठी तो प्रयोग १९८० साली मांडणाऱ्या तिघांत अर्न्स्ट आणि कुर्ट व्यूथ्रिख यांच्यासोबत अनिल कुमार होते, जे बेंगळूरूच्या विज्ञान संस्थेत पुढे कित्येक वर्षं शिकवत राहिले. प्रथिनांच्या रचना अशा तऱ्हेने उलगडल्याबद्दल व्यूथ्रिख यांना २००२ चं नोबेल मिळालं.

पण नकाशाची किंमत बघा. थांबण्याचे २५६ टप्पे, प्रत्येक टप्प्यावर ८ ठोके, प्रत्येक ठोक्याला २ सेकंद. तास उलटून जातो. प्रथिनासाठी नकाशाही पुरत नाही, तिसरी मिती लागते. शंभर गुणिले शंभर टप्पे, प्रत्येकी ८ ठोके, ठोक्याला १ सेकंद धरला तरी २२ तास. चौथी मिती घेतली तर आणखी शंभर पट: ९२ दिवस. तेवढ्यात नळीतलं प्रथिन आंबून जातं. इथे आवाज बारीक असल्यामुळे वेळ जात नाही, हे लक्षात घ्या. आवाज खणखणीत असला तरी सगळे टप्पे चढावेच लागतात.

यावरचा आज सगळ्यात जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे सगळे टप्पे न चढणं. शितावरून भाताची परीक्षा. दर चार टप्प्यांपैकी एकच मोजायचा आणि उरलेले गणिताने भरून काढायचे. २२ तासांचं काम साडेपाच तासांत. आप्पांनी लगेच विचारलं, ‘मग बाकीचे तीन हिस्से आले कुठनं?’ बरोबर शंका आहे.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, शितं कशीही, विस्कटून निवडायची. समजा एखादा परका माणूस दर सात दिवसांनी, नेमका बाजाराच्या वारी गावात येतो. तो घरी जाऊन सांगेल, या गावात रोज बाजार असतो. त्याचं बघणं खोटं नाही, पण त्याच्या येण्याची लय आणि बाजाराची लय एकच असल्याने तो फसला. तोच माणूस तेवढ्याच वेळा, पण मनात येईल त्या दिवशी आला असता तर बाजार आठवड्याचा आहे हे त्याला कळलं असतं. ठरावीक अंतराने टप्पे गाळले की स्पेक्ट्रममध्ये भुतासारख्या खोट्या रेघा उठतात. विस्कटून गाळले की त्या विखरून नुसती खरखर होते, आणि खरखर ओळखता येते. दुसरी गोष्ट, नकाशा बहुतांशी रिकामा असायला हवा. शंभर घरांची जागा असलेल्या नकाशात पाचच घरं आहेत हे आधीच माहीत असेल तर शंभर प्रश्न विचारायची गरज काय? केंब्रिजच्या एका गटाने १९८७ साली असे विस्कटलेले टप्पे वापरून दाखवले होते. पण लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. २००६ साली गणितज्ञांनी यामागचा सिद्धान्त पक्का केला, तेव्हा रसायनवाल्यांना धीर आला. एमआरआय यंत्रांतही आता हे गणित आहे.

माझं मत विचाराल तर ही युक्ती डोळे उघडे ठेवून वापरावी. ठळक पिकांना ती काही करत नाही. पण एखादं बारीक पीक भल्या मोठ्या पिकाच्या सावलीत उभं असेल तर गणित त्याला खरखर समजून पुसून टाकू शकतं. हल्ली उरलेले टप्पे भरायला कृत्रिम बुद्धिमत्ताही लावतात. ती तर इतका सुबक, स्वच्छ स्पेक्ट्रम देते की मला भीती वाटते. खरखर दिसली की माणूस शंका घेतो, स्वच्छ दिसलं की घेत नाही.

दुसरा उपाय मला सगळ्यात आवडतो. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या लुसिओ फ्रिडमन आणि सहकाऱ्यांनी तो २००२ साली मांडला. आप्पांना तो एका वाक्यात कळला, कारण तो शेतीचाच आहे. भाताचं रोप एका दिवसाचं, पाच दिवसांचं, वीस दिवसांचं कसं दिसतं हे बघायचंय. एक पद्धत: पेरा, पाच दिवस थांबा, बघा, उपटा. पुन्हा पेरा, दहा दिवस थांबा, बघा. वर्षं जातील. दुसरी पद्धत: एकाच वावरात पट्टे पाडा आणि रोज एक पट्टा पेरा. महिन्याने एकदाच बांधावरून चालत जा. एका फेरीत सगळ्या वयाची रोपं दिसतील. फ्रिडमन यांनी नळीतल्या द्रवाचेच असे पट्टे पाडले. चुंबकाची ताकद नळीच्या उंचीप्रमाणे किंचित बदलती ठेवली की वरच्या पट्ट्यातल्या प्रोटॉनना एक थांबणं मिळतं, खालच्यांना वेगळं. मग एकाच ठोक्यात, सेकंदाच्याही आत, अख्खा नकाशा.

मग जगभर सगळे हेच का वापरत नाहीत? कारण पट्टे पाडले की प्रत्येक पट्ट्यातून येतं मूठभरच. आधीच बत्तीस मतांचं लीड, ते शंभर वॉर्डांत वाटलं. भरपूर नमुना असेल तर झकास, पाच मिलिग्रॅमवाल्या पोरीला नाही.

तिसरा उपाय फ्रान्समधल्या ग्रनोबलचा. पॉल शांडा आणि बर्नहार्ड ब्रुचर यांनी २००५ साली तो प्रथिनांसाठी काढला. ते सगळ्या प्रोटॉनना ठोका देतच नाहीत, फक्त ज्यांची गरज आहे तेवढ्यांनाच उठवतात. बाकीचे शांत बसलेले. आता उकळत्या पाण्याचा एक तांब्या गार पाण्याच्या हौदात धरला तर तो किती पटकन निवतो? तसं, ठोका खाल्लेले प्रोटॉन आपली ऊर्जा भोवतालच्या शांत शेजाऱ्यांना देऊन भराभर जागेवर येतात. थांबणं एक सेकंदावरून सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागावर येतं. काही सेकंदांत नकाशा तयार, त्यामुळे प्रथिन घडी घालताना, जणू चालू असतानाच बघता येतं.

आणखी एक युक्ती आपल्याकडच्या कुणालाही शिकवावी लागणार नाही. तालुक्याला एकदा गेलं की बाजार, बँक आणि दवाखाना एकाच खेपेत उरकायचं. एकाच थांबण्याच्या पोटात तीन-चार वेगवेगळे नकाशे ओळीने घेतात, प्रत्येकासाठी आधी न वापरलेले प्रोटॉन वापरून. २०१७ पासून ही पद्धत पसरली आणि छोट्या रेणूंसाठी ती मला सगळ्यात व्यवहारी वाटते.

राहिलं ते बत्तीस मतांचं लीडच वाढवणं. २००३ साली डेन्मार्कचे यान आर्डेंकयेर-लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुना जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत गार केला, इलेक्ट्रॉनांचा चुंबकी कल मायक्रोवेव्हने केंद्रकांना दिला आणि मग झटकन गरम द्रावक ओतून तो वितळवला. आवाज दहा हजार पटींहून जास्त वाढला. वर सांगितलेलं कंजूष गणित इथे लावून बघा, दहा हजारांचा वर्ग, म्हणजे वेळ दहा कोटी पट कमी. पण हा आवाज एकदाच मिळतो. मिनिटभरात तो ओसरतो आणि नकाशाचे २५६ टप्पे चढायला वेळच नसतो. म्हणून २००७ साली फ्रिडमन यांनी आपली पट्ट्यांची पद्धत याच्याशी जोडली. एकाला वेळ नव्हता, दुसऱ्याला आवाज नव्हता, दोघांचं जमलं.

आपल्या पोरांपर्यंत यातलं काय पोचतं? बेळगावात पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे, कॉलेजं आहेत, झाडपाल्यावर काम करणारे हौशीही खूप. पण मोठं चुंबक म्हटलं की धारवाड, कोल्हापूर नाहीतर बेंगळूरू. काचेच्या छोट्या बाटलीत पूड, बाटली कापसात, कापूस डब्यात, आणि डबा मांडीवर घेऊन बस. हे चुंबक सांभाळणं सोपं नसतं, त्याची तार उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवावी लागते. सुखाची बातमी एवढीच की वर सांगितलेल्या बऱ्याच युक्त्यांना नवं यंत्र लागत नाही. विस्कटलेले टप्पे, अर्धवट ठोका, एका खेपेत चार नकाशे, हे सगळं यंत्राला द्यायच्या सूचनांत बदल करून होतं. एखाद्या प्रयोगशाळेत रांग पंधरा दिवसांची असेल तर चालवणाऱ्याने हे वापरलं की तीच रांग चार दिवसांवर येऊ शकते. विचारायला हवं, एवढंच. मुलं विचारत नाहीत, ‘जे देतील ते घ्यायचं’ अशी सवय.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीने कार्बन पाठवला. तिसऱ्या दिवशी यंत्रावरच्या माणसाला विनंती करून तिने पावभाग टप्प्यांचा नकाशा घेतला, बेळगावची गाडी सुटायच्या आत झाला. आठवड्याने आप्पा बाजाराला आले तेव्हा तिचा पुन्हा फोन आला. सगळं जुळतंय, पण प्रोटॉनच्या पट्टीवर १.२६ या जागी एक उंच पीक आहे ते कशातच बसत नाही. तीन दिवस डोकं खातेय. नवीन काही सापडलंय का?

‘अगं, ग्रीस असेल ते. काचेच्या जोडणीला लावलेलं. नकाशात बघ, त्याला आपल्या रेणूतला कुणी शेजारी नाही.’

फोन थोडा वेळ गप्प होता. मग आप्पाच म्हणाले, ‘म्हंजे तण.’